उजेड मोजायचा बिल्ला

त्या दिवशी शेडात कोण कोण हुतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कुणी म्हणाय नगं की म्हातारीनं मनाचं सांगिटलं. मी गौराबाई. माझ्या शेजारच्या मशीनवर हिराक्का, वयानं माझ्यापेक्षा मोठी आन् जिभेनं त्याहून मोठी. तिच्या पलीकडं रुक्सानाभाभी. पार कोपऱ्यात, भिंतीकडंला सुशी, आमच्यात सगळ्यात लहान, दोन लेकरांची आई. दारात आमचं मालक, हाताची घडी घालून. आन् मधी, लोखंडी टेबलावर डबा उघडून बसलेलं बाहेरचं सर आन् त्यांची मॅडम. बास. देव हुता म्हणायचं तर भिंतीवर कॅलेंडरात हुता, पण त्या भिंतीवर इतका अंधार की त्यो कुठला देव हाय ते आमास्नी कधी कळलं न्हाय.

गाव कबनूर. माझं माहेर नेसरीकडचं. तिकडं उजेडाला तोटा न्हवता, पोटाला हुता. लगीन होऊन हितं आले, नवरा मागावर हुता. त्यो छातीच्या दुखण्यानं गेला तवा धाकटं पोरगं पाळण्यात. दिवस घातलं आन् मी त्याच्याच मालकाकडं कांड्या भराय बसले. पाळणा मशीनच्या खांबाला बांधला. रडू आलं तर मागाच्या खडखडाटात रडून घ्यायचं, शेजारणीला बी ऐकू जात न्हाय. तेवढी एक सोय हाय त्या धंद्यात.

कांडी म्हंजे काय ते ज्यास्नी ठाव न्हाय त्यास्नी सांगते. माग चालतो तवा आडवं सूत टाकाय धोटा इकडनं तिकडं पळतो. त्या धोट्याच्या पोटात जी सुताची कांडी बसती, ती आमी भरायची. कांडी मशीनला चात्या असत्यात, त्या गरागरा फिरत्यात, मोठ्या कोनावरचं, म्हंजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवरचं, सूत कांडीवर चढतंय. सूत तुटलं की हात घालायचा, टोक हुडकायचं, गाठ मारायची. गाठ बारीक पायजे, न्हायतर कापडात दिसती आन् मालकाच्या तोंडात आमची आय दिसती. हे सगळं डोळ्याचं काम. आन् शेडात उजेड किती? डोक्यावर एक बल्ब, त्याच्यावर रुईचा थर. खिडक्या हुत्या की! पण त्यास्नी पोती ठोकलेली. कारण वारं आत आलं की सूत वाळतंय, वाळलं की तुटतंय. वर कौलं, ती काळी झालेली. दाराजवळचं माझं मशीन सोडलं तर बाकीच्यास्नी, सकाळी आत गेलं की बाहेर ऊन हाय का ढग, ते घरला जाताना कळायचं. तवर ऊन बी घरला गेलेलं असायचं.

एक जागा तेवढी लख्ख उजेडाची हुती. तयार कापड तपासायचं टेबल. त्याच्यावर ट्यूबा अशा लावलेल्या की मुंगीचा पाय दिसावा. कापडात खोट राह्यली तर व्यापारी परत करतोय. बाईत खोट राह्यली तर तिला परत कराय कोण येतंय?

आता आमची मोजदाद कराय येणारी माणसं. हे सर काय पहिलं न्हवं. त्याच्या आधी एकजण आवाज मोजाय आलता. त्यानं आधी सोताच्या कानात बोळं घातलं, मग आवाज मोजला, आन् जाताना म्हणाला, "आवाज जास्त आहे." आमी म्हटलं, व्हय काय? दुसरं एक डोळ्याचं शिबीर आलतं. त्यांनी सगळ्यास्नी चष्मं वाटलं. कुणाला कुठला नंबर हे बघायच्या आत चष्मं संपलं. हिराक्कानं आपला चष्मा सासूला दिला, सासूनं देवळातनं हरवून आणला. असली माणसं यायची, चा प्यायची, फोटू काढायची आन् जायची. पावण्यासारखी वागणूक आमी देत हुतो, कारण पावणं जातंय हे ठाव असतंय.

सर आलं तवा मातर आमाला गरज हुती. ती गरज म्हंजे सुशी.

सुशी तिशीची बी न्हवती. पण खाली बसली की उठाय हात धराय लागायचा. चालताना बदकावाणी डुलायची. पोरं मागनं तिची नक्कल करत पळायची. मांड्या दुखायच्या, बरगडी दाबली तर वरडायची. डॉक्टरनं गोळी द्यावी, गोळी हाय तवर बरं, परत तेच. सासू म्हणायची, ढोंग हाय. नवरा म्हणायचा, कुणाची तरी नजर हाय. तिचं मशीन कोपऱ्यात, तिथं बल्बचा बी उजेड पोचायचा न्हाय. सूत तुटलं की ती बोटानं चाचपून टोक हुडकायची, आंधळं माणूस भाकरी हुडकतंय तसं.

सर मालकांच्या जावयाच्या ओळखीचं. मोठ्या कॉलेजातलं. डब्यातनं त्यांनी बिल्लं काढलं, मोठ्या बटणाएवढं, मधी दुधी काचंचा डोळा. आन् तसलंच मनगटावर बांधायचं घड्याळ, त्यात काटं न्हाईत. सर म्हणालं, "मावशी, दिवसभरात तुमच्या अंगावर किती उजेड पडतो ते हे मोजतं. माणसाला उजेड कमी पडला तर हाडं, झोप, मन, सगळ्यावर परिणाम होतो. तुम्ही हे घरी, कामावर, बाजारात, सगळीकडे घालायचं. झोपतानाच काढायचं."

हाडं म्हटल्यावर मी सुशीकडं बघितलं. सुशीनं माझ्याकडं.

मी मालकास्नी म्हटलं, "मालक, ह्यात उजेड कमी निघाला तर?"

पावण्यांच्या म्होरं मालकास्नी लई मोठेपणा सुचायचा. म्हणालं, "यंत्रानं सांगिटलं तर कोपऱ्यावरची कौलं काढून काचंची बसवीन. चार बसवीन! वारं येणार न्हाय, उजेड येईल. काय गौराबाई, बास?"

"समद्यांच्या देखत म्हणताय न्हवं?"

"मग काय चोरून म्हणतोय व्हय?"

म्हणून मी पहिल्यांदा सगळ्यांची नावं सांगिटली. कोण कोण हुतं ते.

काचंचं कौल! सुशी दुपारी भाकरी खाताना वर बघून म्हटली, "गौराक्का, हितं पडंल बघ ऊन. माझ्या मांडीवरच पडंल." तिनं बोटानं जागा दाखवली. त्या दिवसापासनं ती त्या जागंवरचा कचरा रोज झाडायची.

आता ऐका. मॅडम पोरगी चांगली हुती, पण शिकवल्यावाणी बोलायची. तिनं बिल्लं देताना काय सांगिटलं? "ही फार महाग आहेत. परदेशातून आणलीत. धूळ लागू देऊ नका, पाणी लागू देऊ नका, ओरखडा पडू देऊ नका. अगदी जपा." एवढं सांगिटलं. त्यो पांढरा डोळा म्हंजे काय, उजेड कुठनं आत जातोय, हे एका शब्दानं न्हाय सांगिटलं.

आन् आमच्यात जपायचं म्हंजे काय करत्यात? टीव्ही आला की त्याला झालरीचा अभ्रा. रिमोटाला प्लास्टिकची पिशवी, ती फाटंपतोर काढायची न्हाय. सायकलीच्या सीटला बी टोपी. आन् शेडात तर रू अशी उडती की तासाभरात माणूस म्हातारं दिसावं. त्यासाठी आमी लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालायचो. मग बिल्ला उघडा कसा ठेवायचा? हिराक्काच्या घरी शिलाई मशीन. तिनं शेडातल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या. जाड पॉपलीन, दुहेरी, वर झाकण, झाकणाला बटण. बिल्ल्याला एक, घड्याळाला एक. सुशीच्या पिशवीला तिनं लाल दोऱ्यानं फूल काढलं. अशा झ्याक पिशव्या की लग्नात आहेर कराव्या.

मनगटाचं घड्याळ बांधलं की त्याच्यावर पिशवी, पिशवीवर बांगड्या. रुक्सानाभाभी बाजारला जाताना वरनं बुरखा घ्यायची. मॅडम तिला म्हणाली, "बिल्ला बुरख्याच्या बाहेर लावा." भाभी म्हटली, "बाहर लगाया तो लोगां बोलेंगे, भाभी एश्टीत कंडक्टर हो गयी. टिकट मांगेंगे मेरेकू." मॅडम हसली. हसून विसरली.

आन् सगळ्यात मोठी मजा सांगते. सर मधनं एकदा आलं. आमी सगळ्याजणी रांगंत, छातीवर पिशव्या. सर काय म्हणालं? "वा! छान युनिफॉर्म झाला की!" आन् फोटू काढला. एवढा शिकलेला माणूस, उजेड मोजायच्या डोळ्यावर दुहेरी पॉपलीन बघतोय, आन् फोटू काढतोय! हिराक्का लाजून म्हटली, "मीच शिवल्यात." सर म्हणालं, "कलाकार आहात." ती कलाकार आठवडाभर कुणाशी सरळ बोलंना, इतकी चढली.

सुशी त्या दिवसांत माहेरी कसबा बावड्याला गेलती. भावाच्या उसाचा पाला काढायचा हुता. भर उन्हात रानात काम. बिल्ला पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत, घामानं भिजू नये म्हणून. आल्यावर मला म्हटली, "अक्का, जपलं बरं का. थेंब लागू दिला न्हाय."

बिल्लं घालायची मुदत संपली. सर, मॅडम, डबा, कम्प्युटर, सगळं आलं. बिल्लं काढून घेतलं, तारंनं जोडलं. आमी भिंतीला टेकून उभ्या. मालक दारात. सुशी खाली बसंना, कारण बसली तर उठाय यायचं न्हाय आन् पावण्यांच्या म्होरं तिला लाज वाटायची. सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. मग मॅडमला म्हणालं, "हे काय आहे? सगळं सपाट." मग आमास्नी विचारलं, "मावशी, तुम्ही हे घातलं होतं की पेटीत ठेवलं होतं?"

"घातलंतं की! झोपताना सोडून अंगावरनं काढलं न्हाय."

"या सुशीलाबाई शेतात गेल्या होत्या म्हणता, भर दुपारी. यंत्र म्हणतंय काळोख."

हिराक्का म्होरं सरकली. "पिशवीतनं काढून घातलं न्हवतं ना सर कुणी. मी बजावलंतं सगळ्यास्नी."

सरांनी तिच्या छातीवरच्या पिशवीकडं बघितलं. मॅडमनं बघितलं. मॅडमचं तोंड असं झालं की मला तिची कीव आली. सर म्हणालं, "अहो, झाकल्यावर उजेड कसा मोजणार ते?"

हिराक्का गप ऱ्हाणारी न्हवं. "तुमी फोटू काढला तवा डोळं कुठं हुतं तुमचं? तुमच्या डोळ्यावर बी पिशवी हुती व्हय?"

रुक्सानाभाभीनं तोंडात पदर कोंबला. मालक खेकसलं, "ए हिरे, गप!"

मी म्हटलं, "जाऊ द्या सर. चुकलं असंल, तुमचं बी, आमचं बी. परत बांधा. आता उघडं ठेवतो. रू बसली तर पुसतो."

सर म्हणालं, "आता नाही जमणार. यंत्रं दुसरीकडे द्यायची आहेत. आणि ही मोजणी आता वापरता येणार नाही, टाकून द्यावी लागेल."

"मग आमची काच?"

"कसली काच?"

त्यास्नी ठावच न्हवतं. मालकांनी त्यांच्या म्होरं शब्द दिलता, पण त्यांचं कान त्या वक्ताला बिल्ल्यात हुतं. मी सगळं सांगिटलं, सुशीला हाताला धरून म्होरं आणलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणानं म्हणालं, "मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही तुम्हाला तपासायला आलो नव्हतो. आम्ही ही यंत्रं तपासायला आलो होतो. बिल्ला बरोबर मोजतो की घड्याळ, एवढंच बघायचं होतं."

घ्या! आमाला वाटलं, आमची हाडं बघाय आल्यात. ते आपल्या यंत्राची तब्येत बघाय आलते. आमी कोण? खुंट्या. खुंटीला टोपी अडकवून बघत्यात, टोपी कशी दिसती. खुंटीला कुणी विचारतंय व्हय, बाई, तुझं दुखतंय कुठं?

मॅडम जाताना माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या पिशव्यांमुळे आम्हाला एक गोष्ट कळली, माणसं यंत्र झाकतात. पुढच्या वेळी उपयोग होईल." मी म्हटलं, "बाई, एवढं कळाय परदेशी बिल्ला कशाला? माझ्या घरातला रिमोट बघायचा हुता." तिच्या डोळ्यात पाणी आलं. पाणी आलेलं माणूस बी मोटारीत बसून जातंयच.

मग मालक. त्यास्नी मी दुसऱ्या दिवशी गाठलं. म्हटलं, "यंत्राचं जाऊ द्या. तुमचं डोळं हाईत. त्या कोपऱ्यात बघा आन् सांगा, उजेड हाय?"

मालक हसाय लागलं. "गौराबाई, यंत्र काय म्हणालं ऐकलंस न्हवं? उसाच्या रानात, भर दुपारी, काळोख! बावड्याच्या रानात जर काळोख असंल तर माझ्या शेडाचा काय दोष? आता काय रानावर बी काचा बसवू?"

त्यावर दिवाणजी हसलं, मागवालं हसलं. मग ती त्या शेडातली म्हणच झाली. कुणी सूत तुटल्याची तक्रार केली की मालक म्हणायचं, "उसात काळोख हाय का बघ जा." सुशी बी हसायची. हसताना बरगडी धरायची.

पिशव्या हिराक्कानं मागं घेतल्या न्हाईत. सुशीनं आपल्या फुलाच्या पिशवीत मिसरीची डबी ठेवली.

सुशीला पुढं मीच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक म्हातारी डॉक्टरीण, सुताच्या साडीतली. तिनं सुशीला दारातनं आत येताना बघितलं, नुसतं चालताना. मग नडगीचं हाड दाबलं. सुशी वरडली. डॉक्टरीण म्हणाली, "दिवसभर बसतेस कुठं गं?" सुशी म्हटली, "शेडात. कोपऱ्यात." "ऊन लागतं का अंगाला?" "कुठलं ऊन, बाई? येताना न्हाय, जाताना न्हाय." बास, एवढ्यात झालं. हाडं मऊ झालीत, ऊन न्हाय आन् दूध न्हाय. रक्त तपासलं, पुड्या दिल्या आन् म्हणाली, रोज दुपारी उन्हात बस, हात-पाय उघडं टाकून. कुठला बिल्ला न्हाय, तार न्हाय. तिनं विचारलं, एवढंच तिचं यंत्र.

मग मी काय केलं, ते सांगते. माझं मशीन दाराजवळ. जुनी म्हणून मला ती जागा मिळालती. दारातनं दुपारच्या उन्हाचा एक पट्टा आत यायचा, माझ्या पायावर. ती जागा मी सुशीला दिली आन् मी कोपऱ्यात गेले. मालक म्हणालं, "कुणाला इचारून?" मी म्हटलं, "यंत्राला." आन् दुपारची भाकरी आमी आत खायाची बंद केली. गटारीच्या कडंच्या भिंतीला, रस्त्याच्या तोंडाला, उन्हात ओळीनं बसायचो, पाय पसरून, नडग्या उघड्या टाकून. येणारं जाणारं बघायचं. एकदा एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "काय मावश्यांनो, पापड वाळवताय का सोताला?" हिराक्का म्हटली, "ये की, तुला बी वाळवतो. लई ओला दिसतोयस." त्यो गेला त्यो परत त्या वाटंनं आला न्हाय.

सुशी वाचली. चालती. कंबर मातर वाकडी ती वाकडीच राह्यली. पुड्या आधी मिळाल्या असत्या तर सरळ राह्यली असती, असं डॉक्टरीण म्हणालती. म्हंजे ज्या दिवसांत सुशी कौलाखालचा कचरा झाडत उन्हाची वाट बघत हुती, ते दिवस तिच्या कमरंतनं गेलं. कोपऱ्यात गेल्यावर माझं डोळं गेलं. आता समोरचं माणूस आवाजावरनं वळखते. त्याचं मला काय न्हाय, माझं बघून झालतं.

शेड आता न्हाय. म्हंजे हाय, पण माग भंगारात गेलं, मालक गेलं, त्यांच्या पोरानं गोडाऊन केलंय. मागं माझ्या नातीनं मला तिकडं नेलं. म्हणाली, "आज्जी, वर पांढरं पारदर्शक पत्रं घातल्यात बघ. आत लख्ख उजेड." मी विचारलं, कशाला गं? तिनं वॉचमनला विचारलं. त्यो म्हणाला, "माल दिसाय पायजे की. लाईटबिल बी वाचतंय." मी म्हटलं, कोपऱ्यावर बी घातलाय का? म्हणाली, व्हय, कोपऱ्यावर तर मोठा हाय. मला दिसलं न्हाय, पण तोंडावर ऊन लागलं. सुशीनं बोटानं दाखवलीती ती जागा कुठली, ते मला पावलानं ठाव हुतं. तिथं पोती रचलीती.

आता कुणी हे ऐकत असंल त्याला माझं एकच मागणं हाय. तुमच्या हाताखाली, तुमच्या शेडात, दुकानाच्या मागं, जिन्याखाली कुणी बाई दिवसभर बसून काम करत असंल, तर आज उठून तिच्या जागंवर जाऊन बसा. सुई ओवून बघा. ओवाय आली न्हाय, तर वरचं एक कौल काढा आन् काचंचं बसवा. तिला बिल्ला लावू नका.